जांभळ्या चटईची टोळी

वऱ्हाडात गुन्हे कमी घडतात ते आपल्या धाकाने, अशी भगवंतरावांची पक्की समजूत होती. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर तीस वर्षं पोती मोजून त्यांची नजर इतकी तयार झाली होती, की चप्पल पाहून ते माणसाचं गाव सांगत. गाव बहुधा चुकायचं; पण तो, त्यांच्या मते, चपलेचा दोष. देवमनला हे सारं ठाऊक होतं. तो त्यांचा मदतनीस होता, आणि भिंगही त्याचंच होतं.

या वेळची केस अकोल्याची. अनुपमाताईंच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, आत दगडांवर जिवंत प्रवाळ. त्यातलं सोनेरी प्रवाळ ताईंनी सहा वर्षं लेकरासारखं जपलेलं. आता दुसरंच एक प्रवाळ, जांभळ्या चटईवर हिरव्या चांदण्या फुलाव्यात तसं, त्याच्याकडे सरकत होतं. ते अंगावर चढलं की सोनेरी गुदमरून मरणार.

"पहिल्या रविवारी एकच ठिगळ होतं," ताई म्हणाल्या. "तुमी तपासाले लागल्यापासून नऊ झाले."

"टोळी आहे," भगवंतराव म्हणाले. "मले भिऊन साथीदार बोलावून राहिले."

पहिला संशय पट्टेरी माशावर गेला, कारण तो नजर चुकवत होता. मग शेजारच्या ओमप्रकाशवर. त्याचा शर्ट जांभळा होता.

"मासोळीच्या वासानं मले मळमळते, भाऊ," ओमप्रकाश म्हणाला. "मी कायले हात घालू त्याच्यात?"

"सराईत आहे," भगवंतराव देवमनच्या कानात म्हणाले.

पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती. दर रविवारी भगवंतराव चिमट्याने चटईचा एक तुकडा तोडत, भिंगाखाली न्याहाळत आणि पुरावा घटनास्थळावरून हलवू नये म्हणून पुन्हा टाकीत सोडत.

नवव्या रविवारी चिमटा पाण्यात गेला तेव्हा मागे ताईंच्या आत्या उभ्या होत्या. रुख्मिणीआत्या भातकुलीच्या, जन्म वावरात गेलेला.

"काय करून राहिले, भाऊ?"

"नमुना घेतो, आत्याबाई."

"अन् परत काहून टाकता?"

"पुरावा आहे तो."

"हरळी आहे ते. तोडून तिथंच टाकली का एकीच्या दहा होते. आमच्या वावरात तुमाले कोणी तण निंदाले उभं नसतं केलं."

देवमनने मनात हिशेब केला. झालेले रविवार आठ, नवी ठिगळं आठ. त्याने भिंग हळूच खिशात घातलं.

"मग आता काय करू, आत्या?" ताईंचा आवाज बारीक झाला. सोनेरी प्रवाळ जेमतेम दोन बोटं दूर उरलं होतं.

"ते चटईचे गोटे उचल अन् गच्चीवर उन्हात वाळत घाल. आपण हरळी बांधावर नाही का टाकत? चांदण्या आवडतच असतीन तर एक तुकडा वेगळ्या गोट्यावर लाव, चहूकडून वाळू ठेव. वाळूवरून कशाले धरून सरकन ते?"

अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हाने काम दोन दिवसांत उरकलं. सोनेरी प्रवाळ पुन्हा पूर्ण फुललं, आणि ताई सकाळचा चहा त्याच्यासमोर बसून घेऊ लागल्या.

भगवंतरावांनी अहवाल लिहिला: 'टोळी नष्ट. मुख्य सूत्रधाराने पहिल्या दिवसापासून तपासात पूर्ण सहकार्य केले.'

देवमनने तो दोनदा वाचला. खोटं त्यात काहीच नव्हतं. त्याने साक्षीदार म्हणून सही केली.