थोरला मामा, शेवटचा थांबा

हट्ट्याच्या सोनाजींच्या धाकट्या मुलीचं, शिवकन्येचं, लग्न ठरलं आणि पत्रिका वाटण्यासाठी रस्ता दाखवणारं योग्य अ‍ॅप निवडण्याकरिता ओसरीवर उच्चस्तरीय समिती बसली. अध्यक्षपद थोरले जावई विजयकुमार यांच्याकडे गेलं, कारण चांगला फोन त्यांच्याचकडे होता. सोनाजी सदस्य झाले. त्यांच्या पत्नी नर्मदाबाई यांना चहाचे सर्वाधिकार देण्यात आले.

पहिलं अ‍ॅप एका वेळी एकच गाव घेई, म्हणून अपात्र ठरलं. दुसरं पाणंदीला राज्यमार्ग म्हणत होतं. तिसऱ्यात सगळी गावं एकदम टाकली की ते स्वतःच क्रम लावून सर्वांत जवळचा रस्ता देई. डिझेल वाचेल या मुद्द्यावर ते बिनविरोध निवडून आलं.

"त्याला मानपान कळतो का पण?" नर्मदाबाईंनी कप ठेवता ठेवता विचारलं.

"ते थेट उपग्रहावरून चालतं," अध्यक्ष म्हणाले. हरकत फेटाळण्यात आली.

आता, पहिली पत्रिका देवाची आणि दुसरी थोरल्या मामाची, हे आमच्याकडे लेकराला पण ठाऊक असतं. नवरीला बोहल्यावर मामाच आणतो ना! उपग्रहाला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. नर्मदाबाईंसह सगळी समिती गाडीत बसली आणि देवाची पत्रिका औंढ्याला बिनतक्रार पोचली. पुढे सिद्धेश्वरचा धाकटा मामा जवळ पडला आणि साखऱ्याचा थोरला लांब, म्हणून अ‍ॅपनं थोरल्याला अगदी शेवटी टाकलं.

हे झाकलंही गेलं असतं. पण कारभारात पारदर्शकता हवी म्हणून विजयकुमारांनी गाडीचं लाइव्ह लोकेशन पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं.

सिद्धेश्वरला गाडी थांबते न थांबते तोच साखऱ्याहून थोरल्या मामाचा, विश्वंभररावांचा फोन आला.

"दाजी, कुठवर आलात?"

"रस्त्यातच हाय," सोनाजी म्हणाले.

"रस्त्यात काहून? निळा ठिपका धाकट्याच्या दारात दिसून राहिला मला! थोरला मी का तो?"

"आमी न्हाई केलं, अ‍ॅपनं केलं."

"मंग नवरीला बोहल्यावर आणायला अ‍ॅपलाच सांगा."

फोन कट झाला. नर्मदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "दादा आला न्हाई तर माझ्या लेकराला कोण आणील हो?"

गाडीतच तातडीची बैठक झाली. झालेलं वाटप रद्द करण्यात आलं आणि धाकट्या मामाच्या हातातली पत्रिका सन्मानपूर्वक काढून घेण्यात आली. म्हणून धाकटाही रुसला. मग सुरुवात रीतसर व्हावी यासाठी गाडी हट्ट्याला परत आली आणि तिथून थेट साखऱ्याला निघाली. ठिपका ज्यांच्या ज्यांच्या गावावरून न थांबता गेला, ते सगळे पाहुणे ओळीनं रुसले.

अखेर समितीनं अंतिम निर्णय घेतला. लोकेशन बंद केलं. प्रत्येक पत्रिकेसाठी घरून वेगळी फेरी काढली आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "देवानंतर तुमीच."

सगळे खूश झाले. विश्वंभररावांनी भाचीला मिरवत बोहल्यावर आणलं. धाकटा मामा बाजूला उभा राहून गालात हसत होता, कारण खरा पहिला कोण, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. तसं ते मांडवातल्या प्रत्येकालाच ठाऊक होतं.

वाचकहो, तुम्ही शहाणी माणसं, असल्या मानपानाला हसणार. म्हणून तर ही हकिकत आम्ही अजून कुणालाच सांगितलेली नाही. देवानंतर तुम्हीच.