रामटेके, व्हर्नियर आणि लाल गाडी

रामटेके आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या बायकोची पोळी मोजली. किती खाल्ल्या ते नाही, जाडी मोजली. शर्टाच्या खिशातून स्टीलचा व्हर्नियर काढला, पोळीची कड त्याच्या जबड्यात अलगद धरली आणि म्हणाले, "कडेला दोन पॉइंट एक, मधात एक पॉइंट आठ. वहिनी, लाटणं वाकलं आहे तुमचं."

वृषालीने माझ्याकडे जे पाहिलं ते मोजायला कुठलाही व्हर्नियर पुरला नसता. पण ते गेल्यावर तिने लाटणं ओट्यावर घरंगळवून पाहिलंच. खरंच वाकलं होतं.

हे कायझर्सलाउटर्नमधलं आमचं दुसरं वर्ष, दोन हजार तीन-चारच्या सुमाराचं. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेलो. रामटेके नागपूरचे, इथल्या एका संशोधन संस्थेत घर्षणावर संशोधन करायचे. घर्षणाचा डॉक्टर नेमकं काय करतो, असं मी एकदा विचारलं.

"दोन गोष्टी एकमेकींवर घासल्या की कोण झिजते, ते पाहाचं. बस."

त्यासाठी जर्मनीला यायची गरज नव्हती, चार दिवस आमच्या घरी राहिले असते तरी प्रबंध झाला असता, हे मी बोललो नाही. वृषाली शेजारीच बसली होती.

एवढ्या यंत्रवेड्या माणसाला गाडी चालवायचा परवाना मात्र नव्हता. तीन वेळा नापास. पहिल्या परीक्षेत त्यांनी भर चौकात गाडी थांबवली आणि परीक्षकाला सांगितलं, "दुसऱ्या गिअरचा आवाज ऐका, रिंग गेली आहे." दुसऱ्या परीक्षेत त्याच चौकात पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी परीक्षक बदलून आला होता, पण गाडी तीच होती.

त्यांची बायको, सुजाता वहिनी, पहिल्या फटक्यात पास झाली होती. वहिनी वृद्धाश्रमात नर्स होत्या आणि गाडी अशी चालवायच्या की बाजूला बसलेल्याला आपलं वय आठवावं.

आमच्या गावाजवळ अमेरिकन सैन्याचा तळ आहे. तिथले शिपाई मायदेशी निघाले की कुत्र्यापासून गाडीपर्यंत सगळं विकून जातात. अशाच एकाची गाडी वहिनींना दिसली. एकोणसत्तर सालची, लालभडक, दोन दारांची, आठ सिलिंडरांची, आणि बॉनेट आमच्या दिवाणखान्याएवढं. वहिनी म्हणाल्या, "ही." मिक्सर घ्यायला तीन आठवडे तक्ते करणाऱ्या रामटेक्यांनी ती गाडी एका दुपारी घेतली.

तो सगळा उन्हाळा वहिनींनी ती चालवली. काचा खाली, तोंडाने मोठ्यांदा गाणी, आणि बाजूला मांडीवर नकाशा घेतलेले रामटेके. सिग्नलला थांबल्या की शेजारच्या गाडीतले जर्मन म्हातारे टोपी काढून नमस्कार करायचे. गाडीला करायचे की वहिनींना, ते रामटेक्यांनाही सांगता आलं नाही.

मग जानेवारीत वहिनी बसथांब्यावर बर्फात घसरल्या. डावा गुडघा मोडला. दोन ऑपरेशनं झाली, आत स्क्रू बसले. काठी सुटली पण चाल लंगडीच राहिली. नर्सचं धावपळीचं काम गेलं, वृद्धाश्रमाच्या ऑफिसात टेबलामागे बसायचं काम मिळालं. गाणी तर बंदच झाली. "माझं ड्रायव्हिंग संपलं," असं एकदाच म्हणाल्या आणि विषय बंद केला. लाल गाडी गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये जाऊन पडली.

आणि नेमकं त्याच वर्षाअखेर रामटेक्यांना वेड लागलं. कुठल्याशा ठोकलेल्या, तीस वर्षांनी तरुण अशा अमेरिकन गाडीचं इंजिन त्यांनी मागवलं. गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा अ‍ॅक्सल, सगळ्या वऱ्हाडासकट. ते सगळं म्हणे जुन्या लाल गाडीत बसवायचं.

"बसेल का?" मी विचारलं.

"बसते ना! काहून नाही बसणार?"

हे त्यांचं पालुपद. तीन माणसांच्या सोफ्यावर पाच पाहुणे असोत की फ्रीजमध्ये अख्खं कलिंगड, रामटेके म्हणणार, "बसते ना!"

तर ते इंजिन बसत नव्हतं. आधी त्यांनी पुठ्ठ्याचं आणि थर्मोकोलचं खोटं इंजिन बनवलं, खऱ्याच्या मापाचं. ते दोन महिने त्यांच्या दिवाणखान्यात टीपॉयशेजारी होतं आणि वहिनी त्याच्यावरची धूळ झटकायच्या. मग खरं इंजिन साखळीवर टांगून उतरवलं, तर ऑइलचा चेंबर खालच्या आडव्या दांडीवर आपटला. चेंबर कापला. गिअरबॉक्स रुंद निघाला, म्हणून गाडीचा मधला बोगदा हातोड्याने फुगवला. शाफ्ट लांब निघाला, तो कापून आणला. वायरिंग तर शेडभर शेवयांसारखं पसरलं होतं. मी दर शनिवारी बॅटरी धरायला जायचो. माझं सगळं इंजिनिअरिंग शिक्षण त्या बॅटरीच्या उजेडात उपयोगी पडलं.

शेडच्या भिंतीवर त्यांची वही टांगलेली असे. तिच्या शेवटच्या पानावर आकड्यांचा एक रकाना होता. एकतीस, अडतीस, चव्वेचाळीस, एकोणपन्नास, त्रेपन्न, आणि मग पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न, खालपर्यंत. वर नाव नाही, फक्त अंशाची खूण. "कसलं हे?" म्हटलं की म्हणायचे, "आहे एक सांधा. अडकला आहे." गाडीत सांधे काय कमी असतात? मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

जुन्या गाड्यांच्या क्लबातले जर्मन हळहळले. मूळचं इंजिन काढलं की गाडीची ऐतिहासिक नंबरप्लेट जाते. त्यात हा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक! त्यांचा अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघा, तुमच्या मित्राला सांगा, हे पाप आहे." रामटेके म्हणाले, "इतिहास तुम्ही ठेवा. मले गाडी चालली पाहिजे."

मनातून मीही चिडलो होतो. वृषाली तर उघड बोलायची, "ती बाई खिडकीत बसून असते आणि हा माणूस शनिवार-रविवार लोखंडाशी लग्न लावतोय!" मी मान हलवायचो. बरोबरच होतं तिचं.

दोन वर्षांनी गाडी तयार झाली. आता एकच अडचण. जर्मनीत असं इंजिन बदललं की तपासनिसाने प्रत्येक बदल पाहून कागदावर शिक्का मारावा लागतो. शिक्का नाही तर गाडी रस्त्यावर नाही, मग ती चंद्रावर जाऊन आलेली असली तरी. आणि तिथे रामटेक्यांनी घोळ घातला. शुभकाम आहे म्हणून वहिनींनी बेसनाचे लाडू केले होते. तपासनीस गाडीखाली जायच्या आधीच रामटेक्यांनी डबा त्याच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि प्रेमाने म्हणाले, "आधी तोंड गोड करा."

तपासनिसाने पेन खाली ठेवलं. दोन पावलं मागे सरकला. शेजारच्या खोलीतून साहेबाला बोलावलं. साहेबाने लाडूंकडे पाहून "बेश्टेखुंग" हा शब्द उच्चारला, म्हणजे लाच. रामटेके समजावू लागले की आमच्याकडे तूप घालून करतात, त्याने प्रकरण आणखी बिघडलं. तपासणी रद्द. नवा तपासनीस, नवी तारीख, तीन महिन्यांनी.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "अहो, पुरे आता. पुढच्या वेळी शिक्का नाही मिळाला तर गाडी विकायची. क्लबचा तो अध्यक्ष घ्यायला तयार आहे. मला ती नजरेसमोर नको." रामटेके "बरं" म्हणाले. "बसते ना" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या तारखेला तात्पुरत्या नंबरप्लेटवर गाडी मी चालवत नेली, कारण परवाना माझ्याकडे होता. वहिनी मागे बसल्या, पाय सीटवर आडवा टाकून. विक्रीच्या कागदावर सही लागली तर हवी म्हणून त्या आल्या होत्या. लाडू आणले नव्हते. रामटेके घामाने भिजले होते आणि मार्चची थंडी होती.

नवा तपासनीस मिशीवाला, अबोल. त्याने खिशातून स्वतःचा व्हर्नियर काढला तेव्हा रामटेके जरा सावरले. दोन तास दोघे गाडीखाली मापं घेत होते. तपासनीस एक आकडा म्हणायचा, रामटेके पुढचा. अधूनमधून "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", असं ऐकू यायचं. मग तपासनीस बाहेर आला, आत डोकावला आणि थांबला. जिथे क्लच असायचा तिथे पाय टेकायला एक लांब, तिरका, गादी लावलेला पाट वेल्ड केलेला होता. येताना माझा डावा पाय त्यावरच होता, पण तो कशासाठी हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"हे काय? हे तुमच्या नकाशात नाही."

रामटेक्यांनी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि त्यांच्या नागपुरी जर्मनमध्ये म्हणाले, "बायकोचा गुडघा. दर रविवारी मोजला, कोनमापकाने. क्लच दाबायला ऐंशी अंश वाकायला पाहिजे. हा पंचावन्नवर थांबला. सात महिने वाट पाहिली, वर गेला नाही. मग इंजिन मागवलं."

"नुसती ऑटोमॅटिक गाडी घ्यायची," तपासनीस म्हणाला.

"तीन गाड्यांत मोजून पाहिलं. लहान गाडीत पाय मावत नाही. आणि तिला हीच आवडली होती."

मी तिथेच उभा होतो. दोन वर्षं बॅटरी धरली आणि उजेड मला आत्ता पडला. लाज वाटली. वृषालीला हे कसं सांगायचं तेही कळेना.

तपासनिसाने पाटाच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. हलवून पाहिलं. जोरात हलवून पाहिलं. मग टेबलाशी जाऊन शिक्का मारला आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाला, "वेल्डिंग स्वच्छ आहे."

वहिनी दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"अहो, मला का नाही सांगितलं?"

रामटेके चष्मा पुसत होते. मान वर न करता म्हणाले,

"आणि नसतं बसलं, तर?"

मी त्यांच्याकडे किल्ली द्यायला गेलो, तर त्यांनी ती वहिनींकडे वळवली आणि स्वतः पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. वहिनी स्टिअरिंगमागे शिरल्या. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्या गादीवर ठेवला, आणि तो तिथे राहिला. आरशात पाहिलं. "पट्टा लावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

रामटेक्यांनी काच खाली केली, खिशातून व्हर्नियर काढला आणि माझ्या हातात दिला.

"धरा, पाठक. आज काही मोजाचं नाही."

आठही सिलिंडर गरजले. गाडी फाटकातून डावीकडे वळली. आमचं गाव उजवीकडे होतं. मला बरोबर घ्यायचं दोघंही साफ विसरले.

मी बसने घरी आलो. वृषाली पोळ्या करत होती. तिला सगळं सांगितलं. ती तव्यावरची पोळी उलटायची विसरली आणि पोळी करपली. मग डोळे पुसून तिने चार पोळ्या जास्तीच्या लाटल्या, ते दोघं परतताना इकडेच येतील म्हणून.