माणसात आणणाऱ्या रत्नाबाई

रोज संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजते आणि आज मी कोण व्हायचं, ते रत्नाबाई मला सांगतात.

"काकाजी, आज तुम्ही घाईत हाये."

परवा मी खडूस होतो. त्याला वेगळी तयारी लागली नाही, असं त्यांनीच मला कळवलं.

रत्नाबाई समोरच्या फ्लॅटमधल्या चार वर्षांच्या नीलला सांभाळतात. त्याचे आईवडील दिवसभर ऑफिसात. ते रत्नाबाईंना 'नॅनी' म्हणतात. रत्नाबाईंना हा शब्द मान्य नाही. "पोट्टा तं कोणीबी सांभाळते जी. मी पोट्ट्याले माणसात आणते." हे वाक्य त्या ज्या सुरात म्हणतात, तो सूर मी फक्त पदवीदान समारंभात ऐकला आहे.

नील माणसात नव्हता, हे मात्र खरं. खाली मुलं खेळायला लागली की हा रत्नाबाईंच्या पदरात शिरायचा. कुणी नाव विचारलं की डोळे मिटून घ्यायचा. आपल्याला दिसत नाही म्हणजे आपणही दिसत नाही, हा त्याचा सिद्धांत होता.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या सोसायटीने मध्यंतरी बालकांसाठी नेतृत्वविकास शिबिर भरवलं. फेटे झाले, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांनी राष्ट्राच्या भवितव्याला उद्देशून भाषण केलं. त्या अवधीत दोन भावी नेते एकमेकांना चावले आणि नील टेबलाखाली सापडला. दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी पहिल्यांदा माझी बेल वाजवली.

त्यांचं लक्ष्य ठरलं होतं: तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरतात आणि खाऊ गोळा करतात. यंदा नीलने मुलांबरोबर फिरायचं, तेही रत्नाबाईंशिवाय. "मी गेटपाशी बसणार. तो रडला तरी उठणार नाही."

सरावासाठी माझं दार. नीलने म्हणायचं, "मी नील. हा माझा नंदी. आणि हा माझा दोस्त..." पुढे तो गप्प व्हायचा. दोस्तच नव्हता.

"तोपर्यंत एखादं नाव घाला ना," मी सुचवलं.

"काहून? खोटं काहून बोलन तो? राहू द्या जागा रिकामी. भरते ते."

एकदा हुकूम आला, "आज काही द्याचं नाही." मी नाही म्हटलं. नीलचा खालचा ओठ बाहेर आला आणि मी विरघळून बिस्किट पुढे केलं.

"काकाजी! तुम्ही पोट्ट्याले बिघडवून राहिले!" बिस्किट जप्त झालं. मग त्या नीलकडे वळल्या. "रडू येऊन राहिलं? येऊ दे. अन् मंग दुसऱ्या दारावर जाय. नागपुरात दारं कमी हायेत का बे?"

नीलने विचार केला. दारं कमी नव्हती. तो गेला.

तान्ह्या पोळ्याला बेल वाजली तेव्हा दारात सात-आठ मुलं होती. मधोमध नील, त्याच्या दोन्ही हातांत दोऱ्या, मागे दोन नंदी.

"मी नील. हा माझा नंदी." तो थांबला.

"आणि ही माझी दोस्त ओवी. तिच्या नंदीचं चाक निघालं. म्हणून मी दोन्ही ओढतो."

मी खाऊ जरा जास्तच दिला आणि ही बातमी सांगायला चपला शोधत खाली गेलो. रत्नाबाई नव्या साडीत गेटपाशी बसल्या होत्या.

"इथूनच गेला जी आता, शेजारच्या बिल्डिंगीत! वळून पाह्यलं का? नाही पाह्यलं! आला पोट्टा माणसात!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मांडीवर बत्ताशांची पिशवी होती. गाठ अजून सुटली नव्हती.

"हे कुणाला?"

"पोट्ट्यायले आणलं होतं. तिकडं जरीपटका वस्तीत मी वरच्या माळ्यावर राहते. पोट्टे खालच्या खालीच फिरून जातात. म्हटलं, यंदा इथं देऊ." त्यांनी पिशवी सारखी केली. "पण पोट्टे दारावर मागतात जी. गेटवरच्या बाईले कोण मागते?"

त्या हे असं म्हणाल्या, जसं काही हाही त्यांच्याच पद्धतीचा एक नियम होता.

"मागच्या गल्लीतली मुलं यायची आहेत अजून," मी म्हणालो. "माझे गुडघे दुखताहेत. दारात बसता का जरा?"

"गुडघे कवापासून?"

"आत्ताच."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पिशवी उचलली. मी दारात खुर्ची टाकली. पुढचा तासभर माझ्या दारात प्रवेश परीक्षा चालली. नाव काय? दोस्ताचं काय? "जोरात बोल बे, तुह्या नंदीले तरी ऐकू जाऊ दे!" मगच बत्तासा.

शेवटी पिवळ्या फ्रॉकमधली एक चिमुरडी आली. परीक्षेत पास झाली, बत्तासा गालात धरला आणि चौकटीतून आत डोकावत तिने विचारलं, "आजी, हे तुमचं घर?"

रत्नाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत निघून गेलो.

"हो वं माय," मागून आवाज आला. "ये, आत ये."