नानांचं नाक

मातीचे सर दाढ काढायला एक दिवस रजेवर गेले आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन परत आले, तोवर ते कृषी महाविद्यालयाचे सुरक्षा अधिकारी झालेले होते. टेबलावर हुकूम पडला होता. बैठकीला जो नसेल त्याच्या गळ्यात हे लोढणं बांधायचं, असं काही कुणी उघडपणे ठरवलं नव्हतं. पण हजर असलेल्या अकरा जणांनी अकरा सबबी सांगितल्या आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून बसलेल्या माणसाला बारावी सांगता आली नाही.

सर मृदाशास्त्र शिकवत, म्हणून मातीचे सर. नाकासमोर चालणारा, जरा उदास माणूस. पावसात लोकांना हिरवळ दिसते, सरांना जमिनीची धूप दिसे. हुकुमासोबत वरच्या कार्यालयाचं पत्र जोडलं होतं: पंधरा दिवसांत भांडारातल्या सगळ्या रसायनांची यादी करा, प्रत्येक बाटलीला लेबल लावा आणि रसायनं हाताळणाऱ्यांची आरोग्य तपासणी करून घ्या.

भांडार पीकसंरक्षण विभागाच्या मागे होतं. एक खोली, एक दिवा आणि एक खिडकी. ती खिडकी चोरीच्या भीतीने कुणीतरी कधीकाळी खिळे ठोकून बंद केली होती. दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्या खोलीत नाना नावाने ओळखले जाणारे भांडारपाल सत्तावीस वर्षं बसत होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर बाटल्या. कितीतरी लेबलं गळून पडली होती, काही कसरीने खाल्ली होती. सरांनी बिनलेबलाच्या बाटल्या मोजल्या. त्रेसष्ट भरल्या.

"यात काय आहे, हे आता कोण सांगणार?" सर म्हणाले.

"मी सांगतो की," नाना म्हणाले. त्यांनी एक बाटली उचलली, बूच काढलं, नाकाखालून फिरवली आणि डोळे मिटले. "फॉर्मॅलिन."

सर हादरले. रसायन हुंगून ओळखू नये, हे नियमावलीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं. त्यांनी नानांना मास्क दिला. नानांनी तो मुकाट्याने चढवला, पुढची बाटली मास्कावरून फिरवली आणि सरांकडे नुसतं पाहिलं. मग मास्क हनुवटीखाली ओढला. बाटल्या बाहेर तपासणीला पाठवायच्या तर सहा महिने लागणार होते आणि हातात तेरा दिवस होते. नियम पाळण्यासाठी नियम मोडायचा, याचं त्यांना फार वाईट वाटलं. तरी त्यांनी पेन उघडलं.

दोन दिवस हे चाललं. नाना हुंगत आणि सांगत, सर लिहून घेत. नाना कुठे अडत नसत. उलट एखादी बाटली दुसऱ्यांदा नाकाशी नेऊन, "ही जरा जुनी आहे," असा शेराही देत. यादीत 'ओळख कशावरून पटली' असा एक रकाना होता. सरांनी बराच विचार करून त्यात लिहिलं, 'तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष परीक्षणावरून.' त्रेसष्ट लेबलं छापून आली, चिकटवली गेली, आणि भांडाराला प्रथमच काही रूप आलं. प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावून दारातूनच पाहणी केली आणि यादी त्याच दिवशी वर धाडली.

राहिली होती आरोग्य तपासणी. त्यासाठी सरकारी दवाखान्यातून एक तरुण डॉक्टर बाई आल्या. डोळे, छाती, रक्त सगळं झाल्यावर त्यांनी वासाच्या तपासणीसाठी तीन छोट्या नळ्या काढल्या. नानांना डोळे मिटायला सांगितले. सर शेजारी बसून नोंदी करत होते.

पहिल्या नळीत कॉफीची पूड होती. नाना म्हणाले, फिनेल. दुसऱ्या नळीत साबणाचा चुरा होता. नाना म्हणाले, रॉकेल. तिसरी नळी रिकामीच होती. अंदाजपंचे उत्तरं देणारा पकडायला अशी एक नळी ठेवतात. ती नानांनी सगळ्यात जास्त वेळ हुंगली.

"ही जरा जुनी आहे," ते म्हणाले.

सरांचं पेन थांबलं. डॉक्टर बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की या माणसाला वास मुळीच येत नाही, हे आजकालचं नाही आणि गेलेला वास परत येईल असं काही वाटत नाही. नानांच्या बसायच्या खोलीला खिडकी आहे का, असंही त्यांनी विचारलं. सर म्हणाले, आहे.

संध्याकाळी सर नानांच्या घरी गेले. जाताना वाटेत त्यांनी चार कडक वाक्यं जुळवून ठेवली होती. दार नानांच्या बायकोने उघडलं. सर कशाला आलेत, हे तिला न सांगताच कळलं.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "गॅसवर दूध करपून कोळसा झालं. जळका वास पार रस्त्यापर्यंत. मी धावत घरात आले, तर हे ओट्यापासून तीन हातांवर पेपर वाचत बसलेले. मलाच विचारतात, काय झालं?"

नाना जमिनीकडे बघत बसले होते. मग बाटल्यांची नावं कुठून काढली, असं सरांनी विचारलं. पंचवीसेक रंगावरून आणि जागेवरून आठवली, असं नाना म्हणाले. आणि बाकीची?

"बाकीची सुचतील तशी." नाना म्हणाले. "सर, सत्तावीस वर्षांत त्या खोलीत येऊन मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही पेन उघडून समोर बसलात. मला नाही म्हणवेना."

चारही वाक्यं तशीच घेऊन ते चहा पिऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांच्या हातात वरच्या कार्यालयाचं पत्र होतं. यादी सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेटकी आल्याबद्दल महाविद्यालयाचं कौतुक केलं होतं. खाली एक विनंती होती: शेजारच्या महाविद्यालयाची यादी अडली आहे, तरी आपले तज्ज्ञ दहा दिवसांसाठी तिकडे पाठवावेत. सरांनी नानांच्या नाकाची हकीकत सांगितली. प्राचार्यांनी ती शांतपणे ऐकली, उठून दार लावलं आणि पुन्हा बसले.

"हे कळवलं तर चौकशी लागेल," ते म्हणाले. "चौकशीत पहिला प्रश्न येईल, या माणसाला त्या खोलीत इतकी वर्षं कुणी बसवलं? मी इथे सहा वर्षं आहे. तुम्ही एकवीस."

पुढे त्यांनी समजावलं की प्रश्न सातच महिन्यांचा आहे. नाना आजारी आहेत असं शेजाऱ्यांना कळवता येईल. बाटल्यांना तसंही कुणी हात लावत नाही.

प्राचार्यांचं हे शेवटचं म्हणणं आठवडाभरापूर्वीपर्यंत खरं होतं. बिनलेबलाच्या बाटल्यांना सगळेच वचकून असत. लेबलं लागली आणि लोकांना भरवसा वाटू लागला. सर प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर आले, तेव्हा व्हरांड्यात कीटकशास्त्राच्या बाई हातात काचेची बरणी घेऊन उभ्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी भांडारातून 'अल्कोहोल' लिहिलेली बाटली नेली होती आणि बारा वर्षं जमवलेल्या अळ्यांच्या बरण्यांमध्ये ताजं अल्कोहोल म्हणून भरली होती. ते अल्कोहोल नव्हतं, कॉस्टिक सोड्याचं द्रावण होतं. अळ्यांची नुसती कातडी शिल्लक होती आणि आतलं पाणी झालं होतं. बाईंच्या दोन बोटांची सालंही निघाली होती.

बाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. बरणी उजेडात धरून म्हणाल्या, "उद्या हीच बाटली प्रात्यक्षिकाला मुलींच्या हातात देणार होते."

सर तसेच आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं. त्रेसष्टही लेबलं रद्द समजावीत. बाटल्यांत काय आहे, हे कुणालाही माहीत नाही. खोली आजच बंद करावी. भांडारपालाचं घ्राणेंद्रिय त्या खोलीत, सेवेत असताना, महाविद्यालयाच्या हलगर्जीपणामुळे निकामी झालं आहे. त्यांची योग्य ती काळजी घेतली जावी. प्राचार्य सही करणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून खाली फक्त आपली सही केली. पाठवण्याआधी ते भांडाराच्या दारात उभं राहून नानांना वाचून दाखवलं. नानांनी एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे माझी चूक नाही, असं लिहिलंय?"

"नाकाच्या बाबतीत नाही," सर म्हणाले.

पंधरवड्याने तिघांची समिती आली. भांडारात समितीला चार मिनिटांहून जास्त उभं राहवलं नाही, त्यामुळे निष्कर्षही चार मिनिटांतच निघाला. खोलीला सील लागलं. खात्री न करता माहिती पुरवल्याबद्दल सरांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा बसला आणि सुरक्षेचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. काढून घेतल्यावर इतकं वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. नानांच्या बाबतीत मात्र समितीने सहानुभूती दाखवली. उरलेले महिने त्यांनी शुद्ध, मोकळ्या हवेत काढावेत, असं ठरवून त्यांना पुष्पविभागात गुलाबाच्या वाफ्यांवर नेमलं.

सर एकदा काम सुटायच्या सुमारास तिकडे गेले. नाना स्टुलावर बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणत होता की नाना, नशीब काढलंत, काय घमघमाट आहे इथे; आणि नाना प्रत्येकाला हो म्हणत होते. बदली बदलून घ्यायला पुन्हा लिहू का, असं सरांनी विचारलं. नाना म्हणाले, नको, पाच वाजता ही येते.

पाच वाजता बायको आली. ती रोज नानांना न्यायला येत असे, पण दोघं लगेच निघत नसत. ती वाफ्यावाफ्याने वाकून एकेक फूल हुंगे आणि नानांना सांगे. पांढरं गोड आहे. पिवळ्याला चहापत्तीसारखा वास आहे. गुलाबी कालच्यापेक्षा उतरलंय. नाना हातातली पिशवी सांभाळत मागून चालत आणि मान डोलवत. शेवटच्या वाफ्यात एक गडद लाल गुलाब होता. बायको वाकली आणि लगेच उठली.

"याला काही वास नाही."

"आहे," नाना म्हणाले. "हळू येतो. जरा थांब."

ती पुन्हा वाकली. डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. सरही नकळत श्वास रोखून उभे होते.

"आला," ती म्हणाली. "अगदी शेवटी येतो नाही?"

"तेच तर," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

ते दोघं फाटकाबाहेर पडल्यावर सर त्या लाल गुलाबापाशी वाकले. नाक अगदी पाकळ्यांत घालून थांबले. पाठ दुखू लागेपर्यंत थांबले. वास आला नाही. मग धास्तावून त्यांनी घाईघाईने शेजारचं पांढरं फूल हुंगलं.

ते गोड होतं.