गजराबाई अस्वलिणीची गाठ

एका जंगलात, बाळांनो, गजराबाई नावाची अस्वलीण राहत होती. तिच्या गर्भपिशवीत गाठ झाली. हसू नका. तुम्ही सगळे पिशवीतूनच आलात.

दर महिन्याला इतकं रक्त जायचं, की चार पावलं चालून तिला झाडाला टेकावं लागे. सासू म्हणे, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. सांगायची सोय नव्हती.

एकदा गजराबाई चक्कर येऊन पडली, तेव्हा नवरा तिला डॉक्टर गेंड्यांकडे घेऊन गेला.

गेंड्यांनी सोनोग्राफी केली. "गाठ साधी आहे. कॅन्सरबिन्सर नाही. पिशवी काढून टाकू."

"गाठ साधी आहे, तर पिशवी कशाला?"

"पोरं झाली ना? मग आता काय तिच्यात लोणचं घालणार आहेस?"

नवरा खो खो हसला. गजराबाई हसली नाही. ती एकटीच नदीपलीकडे डॉक्टर टिटवीकडे गेली.

टिटवीने सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाली, "हा उपाय सगळ्यांना चालत नाही, पण तुम्हाला चालेल. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालायची आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. उपाशी पडली की गाठ हळूहळू आक्रसते. पिशवी जागच्या जागी. पण सुरुवातीला कळा येतील हं. विश्रांती हवी."

तसंच केलं. दुसऱ्या दिवशी गजराबाई पोट धरून घरी आली.

"टाके दाखव," सासू म्हणाली.

"टाके नाहीत. एवढंसं छिद्र आहे."

"छिद्र? मग ऊठ, भाकऱ्या टाक."

"मला काटा रुततो तो याहून मोठा असतो," नवरा म्हणाला. "मी कधी झोपून राहिलो?"

गजराबाईने कळ गिळली. उठली. पण चुलीकडे गेली नाही. तिने केळीची पानं तोडली, छातीपासून मांडीपर्यंत गुंडाळली, वर वेली करकचून आवळल्या आणि आडवी होऊन मोठ्याने कण्हू लागली.

"अगंबाई!" सासूने तोंडावर पंजा ठेवला. "एवढं मोठं केलं?"

नवऱ्याने भाकऱ्या थापल्या. करपल्या, पण थापल्या. डॉक्टर गेंडेही बघायला आले. पट्टी पाहून म्हणाले, "वा! याला म्हणतात ऑपरेशन!"

काही महिन्यांत गाठ आटली, रक्त जाणं कमी झालं. पट्टी सोडायची घाई मात्र गजराबाईने केली नाही.

तात्पर्य: उपचार छोट्यात छोट्या छिद्रातून करून घ्यावा, पट्टी मात्र घरच्यांच्या अकलेच्या मापाने बांधावी.