कुठवर आलं?

शेषराव पठाडे फोनवर कुणालाही नमस्कार करत नाहीत. पलीकडून आवाज आला की विचारतात, ‘‘कुठवर आलं?’’ मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मेव्हण्याचा फोन आला, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. बियाणं साफ करायची यंत्रं इथे बनतात आणि गावोगावच्या प्रक्रिया केंद्रांत बसवली जातात. पठाडे नियोजन विभागाचे प्रमुख. विभागात दुसरं कोणी नाही. मी शेजारच्या टेबलावर माहितीपत्रकं लिहितो. रोज संध्याकाळी फिटर जिथे असतील तिथे पठाडेंचा फोन जातो. ‘‘कुठवर आलं?’’ मग पट्टा, मोटार, चाळणी. आणि शेवटी, आवाज थोडा उतरवून, ‘‘पोरीचा ताप?’’ किंवा ‘‘जेवायची सोय लागली का?’’ हे सगळं होईपर्यंत कार्यालय रिकामं झालेलं असतं. पठाडेंना घाई नसते. ते विधुर आहेत, मूलबाळ नाही.

मालकांना हे फोन बंद करायचे होते. सगळ्या कामांची प्रगती एका पडद्यावर दिसावी म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं आणि ते बसवून द्यायला पुण्याचे सल्लागार आणले. सल्लागार बोलायला उत्तम होते. त्यांनी फिटरांच्या मोबाइलवर ॲप टाकलं, काम पूर्ण होईपर्यंत ते सारखी आठवण वाजवील अशी व्यवस्था केली आणि निघून गेले. फिटरांनी त्यावर उपाय शोधला. सकाळी काम सुरू करतानाच ‘पूर्ण’चं बटण दाबायचं, म्हणजे दिवसभर शांतता. पडदा हिरवागार झाला. त्या भरवशावर मालक अंबडला एका केंद्राच्या उद्घाटनाला गेले. मंडप होता, हार होते, यंत्राला मोटार नव्हती. मोटारीचं पठाडेंनी आधीच सांगितलं होतं, पण पडदा हिरवा होता.

त्यानंतर मालक म्हणाले, ‘‘पठाडे, आता सल्लागार तुम्हीच निवडा.’’ ज्याचे फोन बंद करायचे, त्यालाच ते बंद करणारा माणूस शोधायला सांगितला.

पठाडेंची परीक्षा एकच. कंपनीची गाडी दारात उभी असताना ते सल्लागाराला काळी-पिवळी जीपने जाफराबादच्या कामावर न्यायचे. ही जीप भरल्याशिवाय हलत नाही. ‘‘जीपमदी बसवला की माणूस कळतो,’’ असं ते म्हणायचे.

पहिल्याने मांडीवर लॅपटॉप उघडला. शेजारच्या बाईंनी मेथीची जुडी लॅपटॉपच्या कडेला टेकवली.

‘‘ही निघते कधी?’’ त्याने ड्रायव्हरला विचारलं.

‘‘भरली की.’’

‘‘अंदाजे?’’

‘‘भरली की, साहेब.’’

शेवटी त्याने उरलेल्या सगळ्या जागांचे पैसे स्वतः दिले. जीप निघाली, आणि त्या जागांवर ड्रायव्हरने वाटेतली माणसं तरीही बसवलीच. पठाडेंचा निकाल: ‘‘ह्यो आपलं काम बी आसंच पैशे भरून अर्धवट पळवंल.’’

दुसरा प्रत्येक प्रश्नाला ‘‘होऊन जाईल’’ म्हणत होता. भोकरदन ओलांडल्यावर पठाडे म्हणाले, ‘‘सोयाबीन आन् सरकी एकाच चाळणीतून एकदमच काढायचीय.’’

‘‘होऊन जाईल.’’

जाफराबादला उतरताच पठाडेंनी त्याला परतीची जीप दाखवली.

हिशेब विभागातले बोर्डे चहाच्या वेळी म्हणाले, ‘‘पठाडे साहेब कोणालाच पास करणार न्हाईत बघा. आपले फोन वाचवून राह्यलेत.’’ आम्ही हसलो. मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या मेघा इंगळे, संभाजीनगरच्या. जीप भरेपर्यंत त्या ड्रायव्हरशी बोलत बसल्या. वाटेत कोण कुठे उभं असतं, जीप भरून निघाली तर त्यांचं काय होतं, असं विचारत होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, ‘‘सर, तुमचे संध्याकाळचे फोन मला ऐकायचेत.’’ आणि शेवटच्या फोनपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, ‘‘पट्टा, मोटार, चाळणी हे मी बसवून देते. आठवण वाजणार नाही. काम झालं की फिटर त्याचा फोटो टाकेल, फोटोशिवाय पडदा हिरवा होणार नाही. पण पोरीच्या तापाचं माझ्याकडे काही नाही.’’

‘‘मंग ते कोण विचारंल?’’

‘‘मला नाही सांगता येणार, सर. येतं म्हटलं तर खोटं होईल.’’

पठाडेंनी मालकांना कळवलं, ‘‘हीच बराबर हाय. आपल्याला काय येत न्हाई, ते तिला ठावं हाय.’’

काम चोख झालं. पडद्यावर सगळं दिसायला लागलं, आणि दिसत होतं ते खरं होतं. मालक खूश, फिटर खूश. संध्याकाळी पठाडे पडद्यासमोर बसायचे आणि विचारण्यासारखं काही नसायचं.

एकदा न राहवून त्यांनी जाफराबादला सलीम फिटरला फोन लावला. स्पीकर चालू होता.

‘‘कुठवर...’’

‘‘टाकलंय की, साहेब. दिसून न्हाई राह्यलं का?’’

‘‘दिसतंय.’’

‘‘मंग काय चुकलं का?’’

‘‘न्हाई. सहज केल्ता.’’

‘‘सहज?’’ सलीमचा आवाज बदलला. ‘‘साहेब, माझी कोणी कंप्लेंट केली का? खरं सांगा.’’

‘‘न्हाई रे बाबा. काम बराबर हाय तुझं.’’

पठाडेंनी फोन ठेवला. पोरीचं विचारायचं राहिलंच. सलीम घाबरला होता; त्यात कामाशिवायचा आणखी एक प्रश्न त्यांना विचारता आला नसावा.

मी पिशवी उचलून निघालो. केदारखेड्याला घरी जायची माझी बस स्टँडवर उभी होती. जागा धरून बसतो न बसतो तोच फोन वाजला. पठाडेंचा मला असा फोन कधी आला नव्हता.

‘‘कुठवर आलात?’’

‘‘अजून स्टँडवरच आहे. ड्रायव्हर यायचाय.’’

पलीकडून कार्यालयातल्या पंख्याचा आवाज येत होता.

‘‘बराबर,’’ पठाडे म्हणाले. ‘‘निघाली की सांगा.’’