प्रशिकचा साफ कागद

"आता या घरात औषधाची चूक होणं शक्यच नाही!" असं म्हणत प्रशिकनं मिहानमधल्या आपल्या कंपनीच्या ऑफिसातून छापून, लॅमिनेट करून आणलेला कागद फ्रिजवर चिकटवला. जप्तीची नोटीस चिकटवतात ना, तशाच थाटात! सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र. प्रत्येक गोळीचा रंगीत फोटो. वर नाव मात्र नाही. घरात गोळ्या खाणारी आई एकटीच, नाव कोणासाठी टाकायचं?

आई, म्हणजे भीमाबाई, जाम खूश. "डॉक्टरनं तर मुंग्या सोडल्या होत्या कागदावर! हे मले बिनचष्म्याचं दिसून राहिलं गा!"

कौतुकानं तिनं फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. 'माझ्या पोराने बनवलं. मले खूप आराम.'

संध्याकाळी शेजारचे नानाजी दारात. "भीमाबाई, मले लय थकवा येऊन राहिला. ग्रुपवर पाह्यली ते सूर्यवाली, ताकदीचीच असंल न? देता का एक?"

"एक काहून? पट्टीच न्या न!"

सूर्यवाली होती साखरेची. नानाजींना साखरेचा आजारच नव्हता! होती नव्हती ती साखरही गोळीनं उतरवली, आणि दोरीवरून धोतर घसरावं तसे नानाजी अंगणात घसरले. थेट आयसीयू!

"अवं आई, आपल्या गोळ्या दुसऱ्याले देतात का?" प्रशिक ओरडला.

"कागदावर कुठं लिवलं होतं, देऊ नको म्हणून?"

प्रशिक दवाखान्यात धावला. नानाजींची सून कामिनी बाहेरच भेटली. रडून रडून डोळे सुजलेले.

"भाऊ, तो कागद तुमचाच न? मोबाईलवर डॉक्टरले दाखवला. काय खाल्लं ते त्याईले लगेच समजलं. म्हणे, असा कागद घरोघरी पाह्यजे!"

प्रशिकला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण घरी येऊन त्यानं दुसरा कागद छापला. गल्लीवाल्यांसाठी, टपोऱ्या लाल अक्षरांत: 'सावधान! या गोळ्या कोणीही घेऊ नये!' पहिल्याच्या बरोबर खाली चिकटवला. "आता तर शक्यच नाही!"

आठवड्यानं भीमाबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. साखर पार आभाळाला टेकलेली.

"आई, गोळ्या घेतल्या नाही का वं?"

"तूच त लिवलं न, घेऊ नये म्हणून," त्या पुटपुटल्या. "लय साफ लिवलं होतं, बापा."

आयसीयूत जागा नव्हती. नानाजी त्याच सकाळी वारले. त्यांचा पलंग भीमाबाईंना मिळाला.